आयर्लंडच्या ‘भल्या लोकां’शी ओळख कशी करून घ्यायची: अगदी नव्यांसाठी

आयर्लंडला येऊन मला आता नऊ वर्षं होतील, राहते क्लेअर काउंटीत, आणि इथे नवीन आलेली आपली मंडळी असोत की तिकडे पुण्या-नाशकात बसून वाचणारी मुलं असोत, सगळ्यांचा मेसेज साधारण एकच असतो, ताई ते बॅन्शी, लेप्रेकॉन, पूका हे सगळं वाचायचंय, सुरुवात कुठून करू. बहुतेकांनी तोवर ‘दहा भयानक आयरिश भुतं’ छापाचा एखादा व्हिडिओ बघितलेला असतो आणि डोक्यात नुसती नावांची खिचडी झालेली असते, कोण मारतं, कोण मदत करतं, कोण कुठलं काही पत्ता नाही. म्हणून ज्या क्रमाने हे शिकायला हवं असं मला आता वाटतं तो क्रम लिहून ठेवतेय. घाई करू नका, एकेका पायरीला आठवडा लागला तरी चालेल.

सगळ्यात आधी नाव घ्यायला शिका. गावाकडची जुनी माणसं ‘फेअरी’ हा शब्द सहसा तोंडातून काढत नाहीत, ‘गुड पीपल’ म्हणतात, आयरिशमध्ये ‘ना डीना माहा’, म्हणजे भले लोक. ते भलेच आहेत म्हणून असं म्हणत नाहीत, त्यांना ऐकू गेलं तर राग येऊ नये म्हणून म्हणतात. आपल्याकडे रात्रीच्या वेळी साप न म्हणता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात ना, तसंच आहे हे, आणि ही एक गोष्ट कळली की पुढचं निम्मं सोपं होतं. दुसरा शब्द ‘शी’. शी म्हणजे ते राहतात ते टेकाड, मातीचा उंचवटा. त्यात राहणारे ते ‘ईस शी’, आणि त्यातली बाई ती ‘बॅन शी’, जिचं इंग्रजीत बॅन्शी झालं. आयरिश स्पेलिंग बघून उच्चार करायला जाऊ नका, फसाल, ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपासून सुरू होणारा जो सण आहे त्याच्या स्पेलिंगमध्ये मध्येच म आणि ह दिसतात पण म्हणायचं ‘साउइन’. त्यांगलन डॉट आय ई नावाची फुकट साइट आहे, तिथे शब्द टाकला की तीन वेगवेगळ्या बोलीतले उच्चार ऐकायला मिळतात, ती मोबाइलवर सेव्ह करून ठेवा.

मग जागा. जागा नाही समजली तर काहीच समजणार नाही, हे मी खात्रीने सांगते. जुन्या हस्तलिखितांतली कथा थोडक्यात अशी की आयर्लंडमध्ये एकामागून एक लोक येत गेले, त्यातले ‘तूआहा डे डॅनन’ म्हणजे देवासारखे, जादू जाणणारे लोक. त्यांची लढाई फोमोरियन नावाच्या भयंकर टोळीशी झाली, त्यांचा म्होरक्या बालोर, ज्याच्या एका डोळ्याची नजर पडली की अख्खं सैन्य गारद, आणि तो डोळा उघडायला पापणी चार माणसांनी मिळून उचलायला लागायची. नातवाच्या हातून मरण आहे असं भाकीत होतं म्हणून त्याने मुलीला टोरी बेटावर मनोऱ्यात कोंडलं, अशी गोष्ट लोक सांगतात, आणि कंसाची गोष्ट ऐकत मोठे झालेल्या आपल्याला पुढचं सांगायला नकोच. नातू लू याने गोफणीतून दगड असा मारला की डोळा डोक्यातून आरपार मागे गेला आणि त्याची नजर बालोरच्याच सैन्यावर पडली. पुढे माणसं आली, म्हणजे आजच्या आयरिश लोकांचे पूर्वज, त्यांनी तूआहा डे डॅनन यांना हरवलं, आणि हरलेले देव जमिनीखाली, त्या टेकाडांत राहायला गेले. ही सगळी मांडणी अकराव्या शतकाच्या सुमारास ख्रिस्ती लेखकांनी एकत्र लिहून काढलेली आहे हे लक्षात ठेवा. पण त्यातून जे कळतं ते महत्त्वाचं, शेताखाली राहणारे हे लोक म्हणजे या जमिनीचे आधीचे मालक.

आणि ती जागा आजही दिसते. देशभर चाळीस हजारांहून जास्त गोल मातीचे बांध आहेत, त्यांना राथ किंवा लिस म्हणतात, गावांच्या नावात बघा, राथ किंवा लिस हमखास सापडेल. पुरातत्त्ववाले सांगतात की ही मध्ययुगाच्या सुरुवातीची शेतकऱ्यांची घरं-गोठ्यांची कुंपणं होती. लोक म्हणतात फेअरी फोर्ट. शेतकरी त्याच्या भोवतीनं नांगर फिरवतो, आत घालत नाही. बघायला जाणार असाल तर एवढं पाळा, शेत कुणाच्या तरी मालकीचं असतं तेव्हा आधी विचारा, गेट जसं होतं तसं लावून घ्या, आतली फांदी तोडू नका, दगड उचलून खिशात घालू नका. ही पुरातन स्थळं कायद्याने संरक्षित आहेत तो भाग वेगळाच.

फांदीवरून आठवलं. आई पहिल्यांदा इथे आली तो मे महिना होता, आणि मे महिन्यात इथल्या कुंपणांवर व्हाइटथॉर्नची पांढरी फुलं इतकी फुलतात की झाड दिसत नाही. आईने सकाळी फिरताना एक छोटी डहाळी तोडली, देव्हाऱ्यासमोर ठेवायला. दारात आमच्या शेजारच्या आजी भेटल्या, ऐंशीच्या पुढच्या, रोज चर्चमध्ये मासला, म्हणजे प्रार्थनेला जाणाऱ्या. त्यांनी डहाळी बघितली आणि बोलणं थांबवलं, आईचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या, तिला सांग गं, ही घरात नको नेऊस, इथेच बाहेर ठेव. आवाजात जराही धाक नव्हता, नुसती काळजी. आईला इंग्रजी फारसं येत नाही पण तिला मी सांगायच्या आधीच कळलं, तिने डहाळी परत कुंपणाशी नेऊन ठेवली आणि हात जोडले. कोकणात देवराईतली काडीसुद्धा न उचलणाऱ्या घरातली आहे ती. मला त्या सकाळी या विषयातलं जे कळलं ते कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं.

शेतात एकटंच उभं असलेलं व्हाइटथॉर्न म्हणजे त्यांचं झाड. १९९९ साली लिमरिक-एनिस हायवेच्या कामात लाटून नावाच्या जागेचं असं एक झाड तोडायचं ठरलं होतं, तेव्हा एडी लेनिहान नावाच्या कथा सांगणाऱ्या माणसाने जाहीर विरोध केला, म्हणाला मन्स्टर प्रांताचे ईस शी कॉनाक्ट प्रांताच्या ईस शींशी लढायला जाताना इथे जमतात, हे तोडलंत तर रस्त्यावर माणसं मरतील. बातमी परदेशी पेपरांपर्यंत गेली आणि शेवटी रस्ता झाड सांभाळून केला. २००२ मध्ये कुणीतरी रात्रीत करवतीने त्याच्या फांद्या कापून टाकल्या, पण झाडाला परत पालवी फुटली. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा दर वेळी मान वळते.

आता नियम. राक्षसांच्या याद्या पाठ करण्याआधी नियम शिका, कारण इथे भयानक वेगळे आणि प्रेमळ वेगळे अशी दोन खाती नाहीतच, एकच शेजारी तुम्ही कसे वागता त्यावर चांगला किंवा वाईट होतो. रात्री घाण पाणी दाराबाहेर फेकायचं तर आधी ओरडून सावध करायचं, कुणी जात असेल तर अंगावर उडायला नको. पाय धुतलेलं पाणी रात्रभर घरात ठेवायचं नाही. व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधातलं थोडं जमिनीवर सांडायचं. घर बांधताना त्यांची वाट अडवायची नाही, आणि चुकून अडलीच तर घराचा कोपरा कापल्याच्या गोष्टी आहेत. त्यांच्याकडे गेलात तर त्यांचं अन्न खायचं नाही, खाल्लं की परत येणं नाही. लोखंड त्यांना चालत नाही म्हणून बाळाच्या पाळण्यावर चुलीतला चिमटा आडवा ठेवायचे.

दोन गोष्टी तर आपल्या माणसाला लगेच ओळखीच्या वाटतील. एक, रोजच्या ओळखीच्या शेतात मातीच्या एका विशिष्ट ढेकळावर पाय पडला की वाट सापडतच नाही, गेट समोर असून दिसत नाही, माणूस रात्रभर तिथल्या तिथे गोल गोल. म्हणजे चकवाच! उपाय असा की अंगातला कोट काढून उलटा करून घालायचा, लगेच वाट दिसते. दुसरी भुकेच्या गवताची. आयरिशमध्ये ‘फेर गोर्ताख’. त्या गवतावर पाय पडला की माणसाला अशी भूक लागते की गुडघे मोडतात, तिथेच जवळ असलेला भाकरीचा तुकडा खाल्ला तरच वाचतो, म्हणून लांब डोंगरातून जाणारे लोक खिशात ओटच्या भाकरीचा तुकडा ठेवायचे. हे गवत कुठे उगवतं, तर दुष्काळात उपाशी माणूस जिथे पडून मेला तिथे, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, तेवढीच देश सोडून गेली. याच्याच जोडीला ‘फार गोर्ता’, भुकेचा माणूस, हाडांचा सापळा झालेला, दारोदार भीक मागत फिरणारा, त्याला काही दिलं तर घराची भरभराट होते. फेर म्हणजे गवत आणि फार म्हणजे माणूस, एका मात्रेचा फरक. या दोन गोष्टी वाचताना घाईने पुढे जाऊ नका, त्यात एका देशाची भूक आहे.

एवढं झालं की मग एकेक जण घ्या, आणि माझा सल्ला बॅन्शीपासून सुरू करा, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज सगळ्यात मोठा आहे. ती कुणाला मारत नाही. ती रडते. घरातलं कुणी जाणार असेल तर आदल्या रात्री घराबाहेर तिचं रडणं ऐकू येतं, आणि तेही सगळ्यांसाठी नाही, जुन्या गेलिक, म्हणजे मूळ आयरिश घराण्यांसाठी, ज्यांच्या आडनावात ओ किंवा मॅक आहे त्यांच्यासाठी. म्हणजे ती त्या कुळाची, कुळातलं माणूस जाणार म्हणून शोक करणारी. क्लेअरमध्ये ओब्रायन घराण्याची ईव्हल आहे, किलालूजवळच्या क्रॅगलीच्या खडकावरची, १०१४ च्या क्लोंटार्फच्या लढाईआधीच्या रात्री तिने येऊन राजा ब्रायन बोरूला तू उद्या पडणार असं सांगितलं अशी जुनी कथा आहे. आणि खरोखरच्या माणसांतही पूर्वी मयताला रडायला बायका बोलवायचे, त्या मेलेल्याचे गुण गात गात सुरात रडायच्या, त्याला ‘कीना’ म्हणतात, चर्चला ते आवडायचं नाही आणि हळूहळू ते बंद पडलं. बॅन्शीचा आवाज कसा असेल हे समजायचं असेल तर कीनाची जुनी रेकॉर्डिंग ऐका, पण हेडफोन लावून एकट्याने ऐकताना मन तयार ठेवा, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिच्या फणीची गोष्ट मात्र खरंच अंगावर काटा आणणारी आहे. ती लांब केस विंचरत बसते. एका माणसाला वाटेत फणी सापडते, तो ती घरी आणतो, आणि रात्री खिडकीशी असा आक्रोश सुरू होतो की तावदानं हलायला लागतात. घरातलं जाणतं माणूस म्हणतं हाताने देऊ नकोस, तो चुलीतल्या लोखंडी चिमट्यात फणी धरून खिडकीतून बाहेर करतो, फणी खेचली जाते, आणि चिमटा आत घेतो तर त्याची टोकं पिळवटून वाकडी झालेली. हात असता तर काय झालं असतं ते गोष्ट सांगणारा बोलत नाही, नुसता चिमटा दाखवतो. आजही इथे कित्येक जण रस्त्यात पडलेली फणी उचलत नाहीत.

पूका दुसरा. रूप बदलणारा, बहुतेक वेळा काळा घोडा, डोळे पेटलेले, माणसासारखं बोलतो, रात्री घरी निघालेल्याला पाठीवर घेऊन डोंगर-दलदल-काटे सगळीकडून उधळतो आणि पहाटे चरात फेकून देतो, जिवे मात्र मारत नाही. साउइननंतर रानातल्या ब्लॅकबेरी खायच्या नाहीत कारण पूका त्यांच्यावर थुंकून ठेवतो, असं इथे प्रत्येक मुलाला सांगितलेलं असतं, आणि नोव्हेंबरमध्ये त्या खरंच सडलेल्या असतात त्यामुळे मुलांच्या पोटासाठी नियम चांगलाच आहे. पीक काढताना शेवटचं थोडं शेतात त्याच्यासाठी सोडायची पद्धत होती. विकलो काउंटीत लिफी नदीवर त्याच्या नावाची जागाच आहे, पोलाफूका, म्हणजे पूकाचं भोक, १९४० मध्ये तिथे धरणाचं पाणी भरलं. अजून तो लोकांच्या मनात किती जिवंत आहे बघा, २०२१ मध्ये आमच्या क्लेअरमधल्या एनिस्टायमन गावात त्याचा ब्राँझचा पुतळा उभारायचा ठरला तर गावात एवढा वाद झाला की शेवटी तो दुसरीकडे न्यावा लागला.

लेप्रेकॉन तिसरा, आणि इथे हिरवा कोट, इंद्रधनुष्य सगळं बाजूला ठेवा. जुन्या वर्णनांत त्याचा कोट बऱ्याचदा लाल आहे, तो एकटा राहतो, चांभार आहे, कुंपणाआडून हातोडीची टकटक येते ती त्याची. पण त्याची सगळ्यात जुनी गोष्ट आठव्या शतकातली आहे आणि त्यात तो पाण्यातला आहे. अल्स्टरचा राजा फर्गस मॅक लेटी समुद्रकाठी झोपलेला असतो, हे इवले लोक त्याला उचलून समुद्रात न्यायला लागतात, पायाला गार पाणी लागतं तसा तो जागा होतो आणि तिघांना धरतो, एक एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात, तिसरा छातीशी. सुटकेच्या बदल्यात ते त्याला पाण्याखाली पोहायची विद्या देतात, फक्त एका ठिकाणी, रुद्रीच्या खाडीत जायचं नाही. तो जातोच. तिथे एक प्रचंड जलराक्षस फुगत-आकसत असतो, ते बघून भीतीने राजाचं तोंड वाकडं होतं, मानेकडे फिरतं. व्यंग असलेला राजा चालत नाही, म्हणून त्याची माणसं सात वर्षं त्याला ते कळूच देत नाहीत, आरसा दाखवत नाहीत, केस धुताना उताणं झोपवतात म्हणजे पाण्यात प्रतिबिंब दिसायला नको. शेवटी एक दासी रागात बोलून जाते, तो तिला मारतो, मग खाडीत उतरून राक्षसाला मारून वर येतो आणि काठावरच मरतो. ही गोष्ट वाचलेल्या माणसाला सोन्याच्या हंड्यावर बसलेला लेप्रेकॉन पुन्हा तसा दिसत नाही.

डुलाहान, म्हणजे स्वतःचं डोकं हातात घेऊन फिरणारा घोडेस्वार, त्याच्यावर व्हिडिओ भरपूर आहेत, एवढं लक्षात ठेवा की तो ज्याचं नाव घेतो तो जातो आणि तो सोन्याला घाबरतो. मुरूख म्हणजे मत्स्यकन्या, तिची लाल टोपी लपवली की तिला समुद्रात परत जाता येत नाही. बाकी नंतर वाचा.

पुढची पायरी जड आहे, पण ती टाळून कुणी हा विषय शिकलाय असं मी मानणार नाही. ईस शी धडधाकट माणूस पळवतात आणि त्याच्या जागी आजारी, चिडचिडं, त्याच्यासारखं दिसणारं दुसरंच काही ठेवून जातात, असा समज होता. १८९५ च्या मार्चमध्ये टिपेररीतल्या बॅलिव्हॅडली इथे ब्रिजेट क्लिअरी ही विशी-पंचविशीतली बाई आजारी पडली. कपडे शिवायची, स्वतःचं शिलाई मशीन होतं, स्वतःची कमाई होती. नवरा मायकल म्हणायला लागला ही माझी बायको नव्हेच. नातेवाइकांनी तिला धरून जडीबुटी पाजली, तू ब्रिजेटच आहेस का असं पुन्हा पुन्हा विचारत चुलीच्या आगीवर धरलं, आणि दुसऱ्या रात्री नवऱ्याने तिला जाळून मारलं. नंतर तो जवळच्या फेअरी फोर्टपाशी जाऊन रात्र रात्र बसला, पांढऱ्या घोड्यावरून खरी ब्रिजेट बाहेर येईल म्हणून. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा वर्षं भोगली. लेकरं, आजारी माणसं, बायका यांच्यावर या समजुतीने काय काय ओढवलं असेल याचा विचार करा, आणि ब्रिजेटची गोष्ट भुताची गोष्ट म्हणून कधी सांगू नका.

आता खरं-खोटं कसं पडताळायचं. उदाहरण देते, क्लेअरच्या किनाऱ्यावरच्या कूमारा नावाच्या समुद्रपुरुषाची गोष्ट खूप गाजलेली आहे, तो बुडालेल्या खलाशांचे आत्मे लॉबस्टर पकडायच्या पिंजऱ्यांसारख्या पिंजऱ्यांत ठेवतो. एकोणिसाव्या शतकात ती लोककथा म्हणून छापली गेली, आणि ती लिहिणाऱ्या थॉमस कीटलीने नंतर स्वतःच कबूल केलं की एका जर्मन गोष्टीवरून आपण ती रचली होती. म्हणून नवीन काही ऐकलं की दूखस डॉट आय ई वर जा. १९३७ ते १९३९ मध्ये सरकारने पाचेक हजार प्राथमिक शाळांतल्या सुमारे पन्नास हजार मुलांना घरच्या आजी-आजोबांकडून, शेजाऱ्यांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितल्या, त्या सगळ्या वह्या डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जपून आहेत आणि स्कॅन करून या साइटवर फुकट ठेवल्यात. इंग्रजीतलं पुष्कळ आहे त्यामुळे भाषेची अडचण नाही. तुम्ही राहता ती काउंटी निवडा, मग जवळची शाळा शोधा, मग पान उघडा. शाईने लिहिलेलं पोरांचं वळणदार अक्षर, खाली गोष्ट सांगणाऱ्याचं नाव-वय, आणि गोष्ट तुमच्या रोजच्या बसस्टॉपमागच्या शेताची! मी पहिल्यांदा आमच्या भागाची वही उघडली तेव्हा पहाटे दोनपर्यंत उठलेच नाही.

हे सगळं झाल्यावर, जमलं तर ऑक्टोबरच्या शेवटी, रॉसकॉमन काउंटीतल्या राथक्रोहनला जा. टल्स्क गावात व्हिजिटर सेंटर आहे, तिथून गाइडबरोबरच जायचं, गुहेची वाट खाजगी शेतातून आहे. गुहेचं नाव ओवेनगॅट, मांजरांची गुहा. साउइनच्या रात्री इथून सगळं बाहेर पडतं अशी समजूत, मॉरिगन ही युद्धाची देवी इथली, तीन डोक्यांचा राक्षस एलेन इथला, आणि अशी डुकरं की मोजायला गेलं की आकडा कधीच जुळत नाही. जुने कपडे आणि चिखलाचे बूट घाला, हेल्मेट-टॉर्च नीट तपासा, बंद जागेची भीती असेल तर बाहेर थांबलात तरी हरकत नाही. तोंड एवढं लहान आहे की गुडघ्यांवर, जवळजवळ सरपटतच आत जावं लागतं. आत शिरताना मान वर करून तोंडावरच्या दगडाची कड बघा, तिथे ओगम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघा कोरल्यात, ‘मेव्हचा मुलगा फ्रेख’ असं वाचतात ते. आत पोचल्यावर आमच्या गाइडने सगळ्यांना टॉर्च बंद करायला सांगितले, आणि पाण्याचे थेंब पडत होते तेवढाच आवाज. कुणी काही बोललं नाही. बाहेर येताना माझ्या पुढची आयरिश मुलगी तोंडाशी थांबली, मागे वळून अंधाराकडे बघून हळूच थँक्यू म्हणाली आणि मग वर चढली.